आकड्याची खोती
(मालवणातील युवक मेळाव्यात केलेले भाषण)



मला विषय दिलाय 'सोशल मीडिया आणि चळवळ'. एवढा मोठा विषय मला पेलणारा नाही. मी फक्त लाइव्हवर बोलणार. कारण ते मी करतो. आमच्या बौद्धवाडीच्या विहारातून, एका फोनवरून, दर रविवारी.

पहिल्या दिवशी आजी भीमगीत गायली. गाणं संपल्यावर तिने विचारलं, "झिला, कितक्या जणांनी आयकलां?" मी म्हटलं, अकरा. म्हातारी म्हणाली, "अकराच? इतके तर माझ्या खळ्यात बसतत."

त्या रात्री मला लाज वाटली. आज वाटत नाही. ही लाज आमच्यात कोण पेरतं, तेच मला सांगायचंय.

ॲपवाले सांगतात, इथे सगळे सारखे. बटण दाबा आणि बोला. साफ खोटं! इन्स्टाग्रामने 2025 साली नियम केला : हजार फॉलोअर नसतील तर लाइव्ह नाही. फेसबुकने 2024 पासून शंभराची अट घातली. यूट्यूबवर फोनवरून लाइव्ह जायला पन्नास सबस्क्रायबर लागतात, आणि हजाराच्या आत असलात तर बघणाऱ्यांच्या संख्येवरही मर्यादा येऊ शकते. म्हणजे गर्दी आधी आणा, मग बोलायची परवानगी. पण बोलल्याशिवाय गर्दी कुठून येणार? पाणवठ्यावर यायचं तर आधी घागर भरून आण, असा हा न्याय.

आता खळ्यावरचा हिशेब ऐका. यूट्यूबवर जाहिरातीचा पूर्ण वाटा हवा तर हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघणं भरावं लागतं. भरलं, तरी शंभरातले पंचेचाळीस कंपनीचे. लाइव्ह चालू असताना कुणी सुपर चॅटने पैसे दिले तर त्यातले तीस कंपनीचे. आणि ज्याचं भरलंच नाही त्याचं काय? 2021 पासून त्याच्याही व्हिडिओवर कंपनी जाहिरात लावू शकते. त्याला दमडी न देता. मित्रांनो, आमच्या कोकणात याला नाव आहे : वेठ. खोत चिखलात उतरत नव्हता, पण खळ्यावर पहिला वाटा त्याचा. बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 ला खोतीविरुद्ध विधेयक मांडलं, 10 जानेवारी 1938 ला हजारो कुळं मुंबईत कौन्सिलवर चालून गेली. कुळांनी एकेकट्याने खोताशी बरोबरी करायचा प्रयत्न केला असता तर पिढ्या गेल्या असत्या. ती एकत्र आली.

आम्ही काय करतो? एकेकटे आकड्यामागे धावतो. दुसऱ्या पोराचा आकडा वाढला की आमच्या पोटात दुखतं.

आकडा म्हणजे समाज नव्हे. आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले, तेव्हा कोपऱ्यात आकडा लुकलुकत नव्हता. समोर माणसं होती. माझ्या त्या अकरा जणांची मी नावं काढली. सगळे आमच्याच वाडीचे चाकरमानी. विक्रोळी, दिवा, नालासोपारा. रजा नाही म्हणून जयंतीला गावी न येणारे. त्यांना फोन करून विचारलं, तुम्हाला कधी जमतं? रविवारी रात्री नऊ, म्हणाले. घंटेचं बटण दाबलं तरच प्रत्येक लाइव्हची खबर पोचते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी वही केली : नाव, नंबर, पाळी कुठली. आज साठ-सत्तर येतात. ॲप उद्या बंद पडलं तरी वही माझ्याकडे आहे. 2020 च्या जूनमध्ये टिकटॉक एका रात्रीत बंद झालं, तेव्हा ज्यांच्याकडे वही नव्हती त्यांचं सगळं गेलं.

आणखी एक गोष्ट. ही मी घरी सांगितलेली नाही.

तिसऱ्या रविवारी एका बिननावाच्या खात्याने चॅटमध्ये आजीला जातीवरून शिवी घातली. आजीला वाचता येत नाही. ती म्हणाली, "ह्यो काय लिवता रे?" मी म्हटलं, "जय भीम लिवलाहा." ती हसली आणि पुढचं कडवं गायली.

त्या रात्री मी नको असलेल्या शब्दांच्या यादीत आमच्या जातीचंच नाव टाकलं. पुढच्या रविवारी लष्करातून निवृत्त झालेल्या काकांनी लिहिलं, मी महार रेजिमेंटचा. यंत्राने त्यांचा संदेश अडवला. यंत्राला शिवी कळत नाही आणि अभिमानही कळत नाही. शेवटी वाडीतल्या कॉलेजच्या पोरीला मॉडरेटर केली. ती शिवी दिसली की आधी स्क्रीनशॉट घेते, मग हाकलते. ॲट्रॉसिटीचा कायदा 1989 चा, पण इंटरनेटवर केलेला अपमानही त्यात बसू शकतो, असं केरळ हायकोर्टाने 2022 साली म्हटलंय. पुरावा ठेवा. आणि माझ्यासारखं खोटं बोलू नका. मी आजीला वाचवलं नाही, शिवी देणाऱ्याला वाचवलं.

फेब्रुवारी 2025 पासून फेसबुक लाइव्हचे व्हिडिओ तीस दिवसांनी काढून टाकतं. आजीचं गाणं तीस दिवसांचं नाही! उतरवून घ्या, दोन ठिकाणी ठेवा. आमचा इतिहास पुसायला बाहेरचे कमी नाहीत, त्यात आमचा आळस नको.

शेवटचं. लाइव्ह संपताना आपले प्रेक्षक दुसऱ्याच्या लाइव्हकडे वळवायची सोय आहे. ट्विचवर तिला रेड म्हणतात. यूट्यूबवर ती हजारवाल्यांनाच. तर ज्या मित्रांचे हजार झालेत, त्यांनी 14 एप्रिलला आपली सगळी गर्दी शून्यवाल्या वाडीकडे वळवावी. मोठ्यांच्या दारात उभं राहून काही मिळत नाही. 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघाला, तेव्हा 'केसरी'ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नव्हती. तरी अंक निघालाच.

माझी वही बाहेर टेबलावर आहे. आपलं नाव लिहून जा. आणि आपल्या वाडीची वेळही लिहा. तुमच्या लाइव्हला मी येईन, अकरावा म्हणून.

जय भीम.