पहाऱ्यावरचा माणूस



मराठी विज्ञानकथेच्या या संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवणाऱ्यांचे आणि त्याला विरोध न करणाऱ्यांचेही आभार. डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले. त्यांच्या स्मृतीला वंदन करून बोलायला सुरुवात करतो.

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘मराठी विज्ञानकथा : आढावा आणि अपेक्षा’ असं छापलं आहे. आढावा उरकून घेऊ. १९०० साली ‘केरळ कोकिळ’मधून ज्यूल व्हर्नची चांद्रसफर मराठीत आली. पुढे भा. रा. भागवत, नारायण धारप, नारळीकर, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ही वाट रुंद केली. त्यांच्याविषयी समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं आहे, ते वाचावं. आढावा संपला. आता तक्रार. ती मी बरीच वर्षं मनात ठेवली होती आणि माईक पुन्हा हातात येईल की नाही, सांगता येत नाही.

मी कथा लिहिल्या त्या फावल्या वेळात. पोटासाठी दारं बसवली. कार्डाने उघडणारी, बोटाच्या ठशाने उघडणारी, चुकीचा आकडा दाबला की बोंब मारणारी. त्यामुळे दर दिवाळीला अंकांमधल्या विज्ञानकथा वाचताना नायक कडेकोट बंदोबस्तातल्या इमारतीत शिरायला लागला, की माझा हात कपाळाला जातो. इमारत बहुधा परदेशात असते. पुण्यात असली तर पाषाणच्या टेकडीच्या पोटात असते. नायक दुसऱ्याच्या बुबुळाची नक्कल करतो, लेझरच्या लाल रेषांखालून सरपटतो, वातानुकूलनाच्या डक्टमधून रांगत मुख्य संगणकापाशी उतरतो. या सगळ्या वाटेत त्याला एकही माणूस भेटत नाही. भेटलाच तर तो ‘एक सुरक्षारक्षक’ असतो आणि मानेवर फटका खाऊन दीड ओळीत आडवा होतो. माझी तक्रार त्या दीड ओळीबद्दल आहे.

डक्टबद्दल बोलत बसलो तर दुपार जाईल. मिलिमीटरभरही जाडी नसलेल्या पत्र्याची ती पेटी छताला सळयांनी टांगलेली असते, आत माणूस शिरला तर तिच्या आवाजाने मुडदाही उठून बसेल, आणि आग पसरू नये म्हणून भिंत ओलांडताना तिच्यात झडप असते. पहाऱ्याचे किरण बहुतेक अवरक्त असतात, ते लाल सोडा, दिसतच नाहीत. पण १९९६ च्या ‘मिशन इम्पॉसिबल’मध्ये टॉम क्रूझ छतातून दोरीला लटकला आणि तेव्हापासून आमचे तरुण लेखकही लटकलेलेच आहेत. असो. तांत्रिक चुका काढायला मी उभा नाही.

काल इथे परिसंवादात मोठा वाद झाला. एका बाजूचं म्हणणं, कथेतली युक्ती विज्ञानाच्या नियमांत बसलीच पाहिजे. दुसरी बाजू म्हणाली, कल्पनेला परवाना कशाला? दोन्हीकडचे मित्र माझे, दोघांचेही आवाज चांगले खणखणीत. पण भांडण सगळं यंत्राबद्दल चाललं होतं. म्हणून एक अनुभव सांगतो.

पिंपरी-चिंचवडच्या बाजूच्या एका कारखान्याने आमच्याकडून संशोधन विभागासाठी दुहेरी दार करून घेतलं होतं. बाहेरचं बंद झाल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. मालकांचा दावा होता की आता इथे मुंगीही शिरणार नाही. मी देखभालीसाठी गेलो, तो नेमका खंडेनवमीचा दिवस. दोन्ही दारं सताड उघडी, कारण पूजेचं ताट आतबाहेर न्यायचं होतं. कार्डाच्या यंत्रावर झेंडूची माळ. आणि यंत्राची पूजा म्हणजे सगळ्याच यंत्रांची पूजा, त्यामुळे कॅमेऱ्याच्या भिंगावर अगदी मधोमध हळदकुंकू. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर तेवढा लालपिवळा डाग दिसत होता. मला ओळखपत्र कुणी विचारलं नाही. पेढा मात्र आग्रहाने दिला. आता सांगा, ही युक्ती विज्ञानाच्या नियमांत बसते की नाही?

आणि या गोष्टी शोधायला नेवाडाच्या वाळवंटात कशाला जायचं? पुण्यातल्या या सभागृहातून निघालात तर चालत वीस-पंचवीस मिनिटांत लाल महाल येतो. आज दिसतो तो महापालिकेने १९८०च्या दशकात नव्याने बांधलेला, पण जागा त्याच परिसरातली. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री तिथे जे झालं, त्याच्या तोडीची घुसखोरी मला जगातल्या कुठल्याही विज्ञानकथेत सापडलेली नाही. तिथे मुक्काम ठोकलेल्या मोगल सरदार शायिस्ताखानाच्या हाताखाली प्रचंड फौज, शहराभोवती चौक्या, हत्यारबंद मराठ्यांच्या येण्याजाण्यावर करडी नजर. तरी शिवाजी महाराजांची माणसं आत आली. कशी? एका हकिकतीत आम्ही मोगलांच्याच चाकरीतले दक्षिणी शिपाई, आपापल्या जागी पहाऱ्याला निघालो आहोत असं त्यांनी सांगितलं. खाफीखान या मोगल इतिहासकाराच्या हकिकतीत लग्नाची वरात आहे, कोतवालाचा रीतसर परवाना घेतलेली. आणि दुसरी तुकडी तर कैदी म्हणून हात बांधून, मार खात आणलेली. पहारेकरी ज्याला स्वतः खेचत आत नेतो, त्याची झडती कोण घेणार?

पुढे बघा. महिना रमजानचा. रोजा सोडून, जेवून फौज सुस्तावलेली. शिवाजी महाराज स्वयंपाकघराच्या बाजूने शिरले. तिथून जनानखान्याकडे जाणारी वाट विटामातीने बुजवलेली होती. ती बुजवलेली आहे आणि फोडता येते, हे त्यांना कळलं यात नवल नाही. बालपण त्याच वाड्यात गेलेलं. कुदळीचे घाव ऐकून नोकरांना जाग आली. त्यांनी जाऊन खानाला उठवलं. आणि खानाने काय केलं? एवढ्यातेवढ्यासाठी झोपमोड केली म्हणून त्यांनाच झापलं. नगारखान्यात शिरलेल्या मावळ्यांनी खानाच्याच नावाने हुकूम सोडला की वाजवा, त्यामुळे आतला आरडाओरडा बाहेर ऐकू गेला नाही. आज साहेबांच्या नावाने ईमेल येतो, पैसे ताबडतोब पाठवा म्हणून, आणि हिशेबनीस पाठवतोही. ती युक्ती कसब्यात साडेतीनशे वर्षांपूर्वी चालली होती. खानाची बोटं गेली, मुलगा गेला, आणि औरंगजेबाने त्याला बंगालला धाडलं.

यात यंत्र एकही नाही. आहेत ते स्वयंपाकी, नोकर, नगारेवाले, चौकीवरचे शिपाई. झोपमोड झाल्यावर चिडणारा खान तर मी प्रत्यक्ष पाहिला आहे. एका गोदामात आम्ही हालचाल टिपणारी घंटा बसवली. छपरात पारवे होते. रात्री-अपरात्री घंटा वाजायची, व्यवस्थापक घरून गाडी काढून यायचे, बघतात तर पारवा. शेवटी त्यांनी पहारेकऱ्यालाच फैलावर घेतलं. त्याने मग निमूटपणे विडीच्या बंडलाचा कागद घडी करून संवेदकावर चिकटवला. पारवे खूश, साहेब खूश. चोरी झाली तेव्हा खापर अर्थातच आमच्या यंत्रावर फुटलं. मी त्या पहारेकऱ्याशी बोललो. गोदामातला प्रत्येक आवाज त्याला पाठ होता. पण त्याला विचारलं कुणी नव्हतं.

आपल्याला माणसापेक्षा कडा चढणारी घोरपड आवडते, हे खरं दुखणं आहे. ४ फेब्रुवारी १६७० ला तानाजी मालुसरे कोंढाण्यावर चढले. पोवाड्यातल्या घोरपडीला भरवशाच्या साधनांत आधार नाही. वाट दाखवणाऱ्या कोळ्यांचा उल्लेख मात्र आढळतो. तरी प्रत्येक शाळकरी मुलाला यशवंती घोरपड माहीत आणि त्या कोळ्यांची कुणाला खबर नाही. विज्ञानकथेने तीच घोरपड उचलली आणि तिला बॅटरी बसवली.

पहारेकरी नेहमी बावळटच असतो असं नाही. ३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाडा, गणपतीचे दिवस. नारायणराव पेशव्यांवर चालून गेले ते गारदी, म्हणजे पेशव्यांनीच पगार देऊन ठेवलेले शिपाई. आणि त्या पगाराच्या थकबाकीचाच गलका करत ते आत घुसले. आज आपल्या चकचकीत इमारतींच्या दाराशी कंत्राटदाराचा माणूस बारा-बारा तास उभा असतो, बहुधा मराठवाड्यातून नाहीतर बिहारमधून आलेला, पगार दोन-दोन महिने लटकलेला. त्याच्या पाठीमागे कोट्यवधींची माहिती. एवढा ऐवज समोर असताना मराठी विज्ञानकथाकाराला त्यावर कथा सुचत नाही?

कुणी म्हणेल, आता माणूस आत शिरावाच लागत नाही. खरं आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये इथल्याच कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. नकली कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. पण पहिला घाला ११ तारखेचा, म्हणजे महिन्याचा दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. रमजान, खंडेनवमी, गणपती, दुसरा शनिवार. घुसणाऱ्याच्या घरी कालनिर्णय असतं, आपल्या नायकाच्या घरी नसतं. इराणच्या नतांझ अणुकेंद्रातल्या यंत्रांचं जाळं बाहेरच्या जगापासून तोडलेलं होतं, तरी २०१० मध्ये उघडकीस आलेलं स्टक्सनेट हे घातक सॉफ्टवेअर तिथे पोचलं. तिथवर पेन ड्राइव्ह कुणाच्या तरी खिशातूनच गेला असणार.

बोटांच्या ठशांचंही तेच. २००२ मध्ये जपानचे संशोधक मात्सुमोतो यांनी जिलेटिनची बोटं करून ठसे वाचणारी यंत्रं फसवली. ते वाचून आमचे लेखक हुरळले, आणि तेव्हापासून मराठीत जिलेटिनच्या बोटांचा सुकाळ आहे. मला आठवतात त्या एका बांधकामावरच्या बाया. सिमेंटने बोटांच्या रेषा झिजलेल्या. यंत्र एकीलाही ओळखेना. ज्यांना आत जायचा हक्क होता त्या बाहेर उन्हात उभ्या, आणि ज्याचं तिथे काही काम नव्हतं तो मी आत गारव्यात. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. राबणाऱ्या हातांच्या गावापासूनच सुरुवात झाली. हक्काच्या माणसाला स्वतःच्याच दारातून चोरासारखं शिरावं लागतं, ही विज्ञानकथा कुणी लिहिली? मी वाट पाहतोय.

बाहेरच्यांना हे जमलं आहे. १९९७ चा ‘गॅटाका’ आठवा. नायक दुसऱ्याचं रक्त, दुसऱ्याचे केस घेऊन अंतराळ केंद्रात वावरतो. पण शेवटचं दार त्या रक्ताने उघडत नाही. तपासणी करणाऱ्या डॉक्टरने सगळं केव्हाच ओळखलेलं असतं, आणि स्वतःच्या मुलाचा विचार करून तो नायकाला जाऊ देतो. बाकी चित्रपट विसरलो, तो डॉक्टर विसरलो नाही.

आणि नारळीकरांनी स्वतः काय केलं? १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखलं जाईल म्हणून पत्नीकडून, मंगलाताईंकडून ती लिहून घेतली. परीक्षक कशावरून ओळखतील, याचा विचार त्यांनी आधी केला. नायक घडवताना आपण एवढा विचार करत नाही. बक्षीस जगतापांना मिळालं.

अशा लेखनाने चोरांना शिकवणी मिळेल, अशी चिंता काल एका भगिनींनी बोलून दाखवली. ताई, माझ्या धंद्यात मला बरेच चोर भेटले, दिवाळी अंक वाचणारा अजून भेटायचा आहे.

अध्यक्षाने काही संकल्प सोडायचे असतात. मराठी विज्ञानकथांमधल्या इमारती, दारं आणि त्यांवरची माणसं यांची एक सूची व्हावी, असं मला वाटतं. कुणीतरी ती करावी, माझी टिपणं मी देईन. रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांशी लेखकांच्या गप्पा घडवाव्यात, असाही विचार आहे. जागा आणि तारीख कार्यकारिणीशी बोलून ठरवू.

मात्र एक विनंती आजच करतो, आणि ती तरुण लेखकांना आहे. पुढची कथा लिहाल तेव्हा त्या पहारेकऱ्याला नाव द्या. तो कुठल्या गावचा, किती वाजता डबा खातो, त्याचा पगार झाला आहे का, हे ठरवा आणि मगच नायकाला फाटकाशी आणा. मग खुशाल त्याला बुबुळं द्या, बोटं द्या, अदृश्य करा, माझी हरकत नाही.