नवा चिनी चाकू : घ्यायचा की नाही?

(भंडारदरा येथील शेतकरी बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



मी खालच्या अंगाचा माणूस. इथल्या धरणाची भिंत १९२६ साली पुरी झाली आणि तेव्हापासून आमच्या पाटाला पाणी आले. तुमच्या डोक्यावर पाऊस, आणि आमच्या उसाला पाणी. तेव्हा तुमच्यापुढे उभे राहून शहाणपणा शिकवण्याचा मला काही अधिकार नाही. पण शेतीवर परतण्यापूर्वी अकरा वर्षे मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात लोखंडाला पाणी देण्याच्या खात्यात काम केले. म्हणून या एका विषयावर बोलायला मला बोलावले आहे.

विषय चिल्लर वाटेल. भाताचा भाव, हिरड्याची खरेदी हे सोडून हा माणूस चाकूवर काय बोलणार? पण हिशेब करा. शेंडी, मुतखेल, पांजरे, उडदावणे इथल्या मंडळींनी मिळून आंब्याच्या कलमांसाठी आणि शेतातल्या कामासाठी साठ घडीचे चाकू घ्यायचे ठरवले आहे. बाजारात एक नवीन चिनी कंपनीचा चाकू आला आहे. दिसायला देखणा, दोनशे दहा रुपयांना एक. साठ चाकूंचे बारा हजार सहाशे रुपये झाले. हा पैसा मायबहिणींनी बचतीतून उभा केलेला आहे. दोन गट पडले आहेत. एक म्हणतो, चिनी माल म्हणजे कचरा. दुसरा म्हणतो, इतका स्वस्त दुसरा कुठे मिळतो, घेऊन टाका. दोघांपैकी कोणीही चाकू हातात धरून तपासलेला नाही.

माझ्या घरची गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी आषाढात माझा भाचा बांबूच्या कामट्या काढत बसला होता. घडीचा चाकू, कुलूप असलेला. पाते बांबूत अडकले, त्याने जोर देऊन मुरगाळले, कुलूप सुटले आणि पाते त्याच्याच बोटांवर मिटले. तर्जनीची शीर तुटली. रात्री पावसात गाडी मिळवण्यापासून सुरुवात. बोट वाचले, पण अजून पुरते मिटत नाही. त्याची आवणी गेली ती गेलीच, मजुरीचे दीड महिन्याचे पैसेही गेले. घरात सगळे चिनी मालाच्या नावाने बोटे मोडू लागले. मी चाकू धुऊन पाहिला. पात्यावर आपल्याच देशाचा शिक्का होता.

शिक्क्याचे असेच असते. दीडशे वर्षांपूर्वी चाकूसुऱ्यांत इंग्लंडमधल्या शेफील्ड गावाचे नाव मोठे होते. जर्मनीतल्या झोलिंगेनचे काही कारखानदार स्वस्त चाकू करून त्यावर शेफील्डचे नाव ठोकून विकत. इंग्रज चिडले. १८८७ साली त्यांनी कायदा केला की असा माल बाहेरून आला तर तो कुठला, हे त्यावर छापलेच पाहिजे. 'जर्मनीत बनवलेले' हा शिक्का लोकांनी माल टाळावा म्हणून आला. पुढे जर्मनांनी माल इतका सुधारला की लोक तोच शिक्का शोधून माल घेऊ लागले. आज झोलिंगेनच्या नावाला जर्मनीत कायद्याचे संरक्षण आहे, बाहेरच्या कोणाला ते वापरता येत नाही. चीनमध्ये ग्वांगडोंग प्रांतात यांगजियांग नावाचे शहर आहे. चाकू आणि कात्र्या हाच तिथला मोठा धंदा. युरोप-अमेरिकेच्या नावाजलेल्या कंपन्याही तिथून चाकू करून घेतात. त्याच शहरात फेकून देण्याजोगा मालही होतो. म्हणजे 'चिनी' या शब्दाने चाकूबद्दल काहीच कळत नाही.

मग कळते कशाने? आधी एक गैरसमज काढून टाकू. राजूरच्या बाजारात एक गृहस्थ खिशात लोहचुंबक घेऊन आले होते. चुंबक पात्याला चिकटला की म्हणत, "पाहा, हे स्टेनलेस नाही, फसवणूक आहे." चार माणसे मान डोलावत होती. खरे उलटे आहे. पाणी देऊन कडक होणारे चाकूचे स्टेनलेस चुंबकाला चिकटतेच. आपल्या घरातल्या बहुतेक चांगल्या ताटवाट्यांचे स्टेनलेस जवळजवळ चिकटत नाही, आणि ते कितीही तापवून विझवले तरी कडक होत नाही. पात्याला चुंबक चिकटला नाही तर मात्र शंका घ्या. ताटाचा चाकू करून विकला असेल.

दुसरे, पात्यावरचे आकडे. या चाकूवर '८ सीआर १३' असे काहीतरी कोरलेले आहे. त्यात मंत्रतंत्र नाही. पहिला आकडा कार्बनचा, टक्क्याच्या दहाव्या भागात. म्हणजे इथे सुमारे ०.८ टक्के. पुढचा आकडा क्रोमियमचा, सुमारे १३ टक्के. कार्बनने धार टिकते, क्रोमियमने गंज लांबतो. स्वस्त चाकूंवर '३ सीआर १३' दिसते. त्यात कार्बन ०.३ टक्क्याच्या आसपास. तो गंजत नाही फारसा, पण सुतळीचे एक बिंडे कापले की बोथट. ट्रकच्या कमानपाट्यापासून आपला लोहार कोयता करतो, त्यात कार्बन अर्धा-पाऊण टक्का असतो. पण आकडा कोरायला काय लागते? आणि आकडा खरा असला तरी पाणी नीट दिलेले नसेल तर उत्तम पोलादही मऊच राहते. कारखान्यात आम्ही एकाच गाडीतून आलेल्या पोलादाचे दोन ढीग करत असू, एक पास आणि एक भंगारात. फरक फक्त भट्टीचा.

म्हणून मी तीन वेगवेगळ्या दुकानांतून या कंपनीचे सहा चाकू माझ्या पैशाने विकत घेतले. दुकानदार सांगतो तो नमुन्याचा चाकू नेहमी चांगलाच असतो.

पहिली परीक्षा कानसीची. मुठीजवळ, जिथे धार नाही तिथे, बारीक कानस हलकी फिरवायची. पाते कडक असेल तर कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. मऊ असेल तर चावते, कीस निघतो. सहापैकी पाचांवर कानस घसरली. एकात असा कीस निघाला की खिळ्यात निघावा.

दुसरी सुतळीची. नवी धार कागद कापते म्हणून खूश होऊ नका. नवीन धार सहाणेची करामत असते, पोलादाची नाही. काथ्याची दोरी लाकडावर ठेवून एकाच जागच्या धारेने शंभर वेळा कापायची आणि मग कागद कापून पाहायचा. पाच चाकूंनी शंभरानंतरही कागद कापला, कुरतडल्यासारखा का होईना. तो मऊ चाकू तिसाव्या कापाला कागद फाडू लागला. मायबहिणींनो, हे काम तुम्ही माझ्यापेक्षा चांगले कराल. विळा बोथट झाला हे मनगटाला आधी कळते.

तिसरी कुलपाची, आणि ही चुकवू नका. चाकू उघडून कुलूप बसू द्या. मूठ दोन्ही बाजूंनी अशी धरा की पाते मिटले तर त्याच्या वाटेत एकही बोट नको. मग पात्याची पाठ लाकडी फळीवर ठोका, दगडावर नाही. जोर लावायचा नाही, दाराची कडी वाजवल्यासारखे. कुलूप सुटले तर तो चाकू फुकट मिळाला तरी घेऊ नका. यातही एक नापास झाला, आणि तो कानसीच्या परीक्षेत पास झालेला होता. पोलाद चांगले, कुलपाची पट्टी आखूड. आपण फक्त धार पाहून तो घेतला असता. कुलूप नसलेला, नुसत्या स्प्रिंगवर थांबणारा चाकू वाईट असतो असे मात्र नाही. कलमाचे कितीतरी चाकू तसेच असतात. तो हातात धरणाऱ्याला माहीत असते की हा मिटू शकतो. कुलूप आहे म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि नेमके तेव्हाच ते दगा देते.

गंजाचेही पाहिले. कापलेल्या कैरीत चाकू रात्रभर खुपसून ठेवला. धारेवर दोन पिवळे ठिपके आले, पुसले गेले. स्टेनलेस म्हणजे कधीच गंजत नाही असे नव्हे. आणि हिरडा फोडल्यावर लोहाराचा विळा काळा पडतो तो खराब म्हणून नाही. हिरड्याचा तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की शाईच तयार होते. पूर्वी शाई अशीच करत.

एक गोष्ट आपल्या चुकीचीही सांगितली पाहिजे. चाकू बोथट झाला की आपण कोरड्या फिरत्या चाकावर धरतो. ठिणग्या उडतात, धारेला निळी झाक येते. निळी झाली म्हणजे तिथले पाणी उतरले, धार मेली. मग कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही. ओल्या दगडावरच धार लावा.

तर सहापैकी चार चांगले, दोन वाईट. या कंपनीला चाकू करता येतो, हे कबूल केले पाहिजे. दोनशे दहा रुपयांत तो चांगला चाकू महाग नाही. पण कारखान्यातून बाहेर पडताना कोणी तपासत नाही असे दिसते. सहा म्हणजे फार थोडे. साठात वाईट किती निघतील ते मी सांगू शकत नाही. वीस निघाले तर चांगला चाकू तीनशे पंधराला पडला. त्यात कोणाचे बोट गेले तर तो हिशेब मी मांडत नाही. शिवाय पाकीट पाहा. २०११ च्या वजनमापाच्या नियमांप्रमाणे आयात मालाच्या पाकिटावर आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता आणि किंमत हवी. सहापैकी दोन पाकिटांवर पत्ताच नव्हता, आणि दोन्ही वाईट चाकू त्याच पाकिटांतले. हा योगायोग असेल, पण मी पुन्हा तसले पाकीट उचलणार नाही.

लोहारालाही हीच कानस लावली. राजूरकडच्या एका लोहारदादांनी कमानपाट्याचा कलमाचा चाकू करून दिला, घडीचा नाही, म्यानाचा. दोनशे ऐंशी रुपये. कानस घसरली, सुतळीत सगळ्यांत पुढे. पण पाते इतके जाड की कलमाची काडी कापताना फाटते. त्यांना दाखवले तर रागावले नाहीत, "घासून देतो" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पातळ करून दिले. यांगजियांगला चाकू परत नेऊन घासून आणणे आपल्याला जमायचे नाही, एवढे त्यांच्या बाजूने लिहून ठेवा.

माझी सूचना अशी. साठ एकदम घेऊ नका. पत्ता असलेल्या पाकिटातले दहा चाकू पक्के बिल घेऊन आणा, आणि दुकानदाराकडून आधीच लिहून घ्या की कुलूप न धरणारा चाकू बदलून मिळेल. लिहून द्यायला तयार नसेल तर दुसरे दुकान. लोहारदादांकडून पातळ पात्याचे दहा करून घ्या. भाताची कापणी आणि हिरड्याचे काम होईपर्यंत ते वापरा, कोणी किती वेळा धार लावली ते वहीत मांडा. दिवाळीनंतरच्या बैठकीत वह्या घेऊन या, तेव्हा उरलेल्या चाळीसांचे ठरवू.

ते सहा चाकू इथे टेबलावर आहेत. दोन वाईट आहेत, कोणते ते मी सांगत नाही. कानस आणि सुतळीही ठेवली आहे. जेवणाआधी सगळ्यांनी एकेकदा करून पाहा, लहान मुलांना मात्र लांब ठेवा.