रक्तांतील जंतूंचा शोध

मूल तापानें फणफणलें म्हणजे सारें घर औषधासाठीं अधीर होतें. अशा वेळीं डॉक्टरांनीं आधीं परीक्षेसाठीं रक्त मागितलें, तर आईचा जीव कासावीस होतो. पण ब्लड कल्चर या परीक्षेंत आधीं रक्त व मग औषध, हाच क्रम महत्त्वाचा आहे.

जंतू रक्तांत शिरून वाढूं लागले, तर दुखणें प्राणावर बेततें. ते कोणत्या जातीचे, हें ओळखण्यासाठीं प्रथम शिरेवरील कातडी जंतुनाशकानें पुसून वाळूं देतात. नाहींतर कातडीवरचेच जंतू बाटलींत जाऊन निदान चुकावयाचें. मग रक्त काढून तें पोषक द्रवाच्या बाटलींत सोडतात. ती बाटली सुमारें ३५ ते ३७ अंश सेंटिग्रेड उष्णतेंत साधारणपणें ५ दिवस ठेवतात. तथापि बहुतेक जंतू पहिल्या दोन दिवसांतच प्रकट होतात.

मुलांच्या रक्तांत जंतू फार विरळ असूं शकतात. म्हणून अगदीं तान्ह्या बाळाचेंहि निदान १ मिलिलिटर रक्त घ्यावें लागतें. दोन थेंबांत काम भागवा, हा मायेचा आग्रह बाळाच्या हिताचा नव्हे.

त्याहून मोठा घोटाळा घरांत उरलेल्या गोळ्यांनीं होतो. अर्धवट औषधानें जंतू मरत नाहींत, नुसते दबतात. बाटलींत ते उगवत नाहींत आणि शरीरांत मात्र दुखणें तसेंच राहतें. म्हणूनच जंतू सांपडले नाहींत, एवढ्यावरून आजार नाहीं असें ठरत नाहीं.

जंतू उगवले म्हणजे कोणतें औषध त्यांना लागू पडतें, हें पाहतां येतें. विषमज्वरावर १९४८ सालीं क्लोरॅम्फेनिकॉल गुणकारी ठरलें. पण १९७२ मध्यें केरळांत त्याला न जुमानणाऱ्या जंतूंची सांथ उद्भवली. कालचें रामबाण औषध आज चालेलच, असा भरंवसा धरतां येत नाहीं.

मूल अत्यवस्थ असेल, तर निकालाची वाट पाहावयाची नसते. रक्त काढतांच औषध सुरू होतें, व रक्त मिळण्यास विलंब लागला तरी औषध अडत नाहीं. पुढें निकाल पाहून तें बदलतां येतें.

आईबापांनीं दोन गोष्टी पाळाव्या: डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून जंतुनाशक गोळी देऊं नये, आणि दिली असेल, तर तें त्यांच्यापासून लपवूं नये.