बारांगाय: एका संस्थेचे स्थित्यंतर



१५६५ साली मिगेल लोपेझ दे लेगाझ्पी याच्या जहाजांनी सेबू बेटाजवळ नांगर टाकला, आणि तेथूनच फिलिपिन्सच्या इतिहासास आरंभ झाला, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. वस्तुतः लागुना प्रांतात सापडलेला ताम्रपट त्याहून साडेसहा शतके जुना आहे. त्यावर शक ८२२ मधील वैशाख वद्य चतुर्थीची तिथी असून एका कुटुंबाची ऋणातून मुक्तता झाल्याची नोंद आहे. टागालोग भाषेत शिक्षकास आजही 'गुरो' म्हणतात, तर वनदेवतेस 'दिवाता'. भारतीय शब्दांचा हा प्रवास राज्यविस्तारामुळे नव्हे, तर मलय जगाशी असलेल्या दीर्घकालीन व्यवहारातून घडला.

या समाजाचा मूळ घटक म्हणजे 'बारांगाय'. हे मुळात नौकेचे नाव. एका नौकेतून आलेले आप्तजन एकत्र वसले, आणि त्यांच्या वसाहतीसही तेच नाव पडले, असे फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक हुआन दे प्लासेन्सिया याने १५८९ साली लिहून ठेवले आहे. अशा वसाहतीत कधी शंभर घरे असत, तर कधी तिसाहूनही कमी. तिचा प्रमुख 'दातू' युद्धात नेतृत्व करी आणि तंटे सोडवी. हा समाज समतेचा होता असे मात्र नव्हे. ऋणामुळे वा जन्माने 'आलिपिन' झालेल्यांपैकी काहींचे स्वतःचे घर व शेत असे, तर काही धन्याच्याच घरी राबत. तथापि दातूचे सामर्थ्य अनुयायांच्या संख्येवर अवलंबून असल्याने, त्यांची मने सांभाळणे त्याला भाग होते.

स्पॅनिश सत्तेने बारांगाय मोडली नाही, ती वापरली. मूठभर अधिकारी व धर्मोपदेशक यांच्या बळावर शेकडो बेटांचा कारभार चालविण्यास दुसरा मार्गही नव्हता. दातूचा 'काबेसा दे बारांगाय' झाला. त्याला व त्याच्या ज्येष्ठ पुत्राला कर व वेठ माफ झाली. मोबदल्यात आपल्याच लोकांकडून खंडणी वसूल करण्याचे काम त्याच्याकडे आले. दांपत्यामागे प्रारंभी ८ रेआल, पुढे १०, असा हा कर नाण्यांत किंवा धान्यरूपाने भरावा लागे. 'पोलो' नावाच्या वेठीत १६ ते ६० वर्षांच्या पुरुषांना वर्षाकाठी ४० दिवस राबावे लागे. जंगलातील सागवानासारखे कठीण लाकूड तोडून ते जहाजबांधणीच्या गोदीपर्यंत ओढून नेणे, हे त्यांतील सर्वांत जिकिरीचे काम. डचांशी चाललेल्या दीर्घ युद्धात हा भार असह्य झाला. सामार बेटावरील लोकांना दूरच्या काविते येथील गोदीत धाडण्याचा हुकूम निघताच, १६४९ साली सुमुरॉय याच्या नेतृत्वाखाली तेथे उठाव झाला. तो मोडण्यात आला, परंतु वेठीचा प्रश्न मिटला नाही.

विखुरलेल्या वस्त्या चर्चच्या घंटेच्या टप्प्यात आणण्याचाही प्रयत्न झाला. तो अर्धवटच सफल झाला. कारण शेत सोडून घंटेजवळ राहणे शेतकऱ्यास परवडत नव्हते. उलटपक्षी, धर्मोपदेशकांनी स्पॅनिश शिकविण्याऐवजी स्थानिक भाषाच शिकून घेतल्या. १५९३ साली मनिला येथे छापलेल्या ख्रिस्ती धर्मतत्त्वांच्या पुस्तकात टागालोग मजकूर रोमन लिपीबरोबरच स्थानिक बायबायिन लिपीतही आहे. पुढे ती लिपी बहुतेक ठिकाणी लोपली. भाषा मात्र टिकली.

मनिलात अधिकारपदावर राहिलेल्या आंतोनियो दे मोर्गा याचा इतिहासग्रंथ १६०९ साली मेक्सिकोत प्रसिद्ध झाला. होसे रिझालने १८९० साली तो स्वतःच्या टीपांसह पुन्हा छापला, तो आपल्या लोकांना त्यांचा विसरलेला भूतकाळ दाखविण्यासाठीच. त्या भूतकाळाचे गौरवीकरण करण्याचा मोह रिझाललाही पूर्णपणे आवरला नाही.

आजही फिलिपिन्समधील स्थानिक शासनाचा सर्वांत लहान घटक 'बारांगाय' याच नावाने ओळखला जातो. परंतु नाव टिकले म्हणून संस्था टिकली, असे मानणे योग्य नव्हे. दातू आणि काबेसा ही अनेकदा एकाच घराण्यातील माणसे होती. पहिल्याला आपल्या लोकांना तोंड द्यावे लागे, दुसऱ्याला प्रामुख्याने सरकारला. वसाहतवादाने घडविलेले खरे परिवर्तन या उत्तरदायित्वाच्या दिशाबदलात शोधले पाहिजे.