शेतसंरक्षणाच्या बंदुकीचा गंज व उडालेला रंग

(पेण व रोहा तालुक्यांतील परवानाधारक शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भातावरचा करपा, खोडकिडा यांवर आम्ही नेहमीच बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. तुमच्यापैकी काहींच्या घरी शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक आहे, बहुधा ठासणीची. भात दाण्यात आले आणि रानडुकरे उतरू लागली की ती बाहेर निघते, वालाच्या दिवसांत पुन्हा एकदा निघते आणि उरलेले वर्ष खोळीत पडून राहते. (बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. त्यासाठी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे वनखात्याची परवानगी लागते.)

आपल्या हवेत ही खोळच बंदुकीची वैरी ठरते. पेणच्या खारेपाटात धरमतर खाडीचा वारा, रोह्याकडे कुंडलिकेची खाडी आणि वर चार महिन्यांचा पाऊस. हवेतील आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघडे लोखंड झपाट्याने गंजू लागते, आणि मीठ असेल तर काम आणखी सोपे होते. खोळीचे कापड किंवा चामडे हा ओलावा धरून ठेवते. त्यात काळ्या दारूची राख नळीत राहिली असेल तर विचारूच नका. त्या राखेतील क्षार हवेतले पाणी ओढून घेतात. म्हणून बार काढला त्याच दिवशी नळी साबणाच्या गरम पाण्याने धुवावी, कोरडी करावी व तेलाचा हात द्यावा.

आता रंगाविषयी. नळीवरचा निळसर काळा रंग हा लावलेला रंग नसतो. तोही लोखंडाचा एक प्रकारचा गंजच, पण घट्ट बसणारा. तांबडा गंज भुसभुशीत असतो व पापुद्रे सोडत आत शिरतो. हाताच्या घामाने, खांद्यावरच्या घर्षणाने काळा थर झिजला की तेथे तांबडा धरतो. असे लहान डाग घरी दुरुस्त करता येतात.

पहिले काम बंदूक रिकामी असल्याची खात्री. ठासणीच्या बंदुकीत ती डोळ्यांनी होत नाही. कॅप काढावी, घोडा खाली असावा. तोंडासमोर न येता गज नळीत शेवटपर्यंत सोडावा, तोंडाशी बोटाने खूण धरावी आणि तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहावा. गजाचे टोक निपलच्या जवळ पोचले नाही, तर आत काहीतरी आहे. मग रंगाचा विचार सोडावा व बंदूक जाणत्या, परवानाधारक कारागिराकडे न्यावी. दारू व कॅपा कामाच्या खोलीत ठेवूच नयेत.

डागावर थोडे तेल टाकून अगदी बारीक स्टील वूलने हलकेच घासावे. खरखरीत पॉलिशपेपर वापरू नये. तो चांगला थरही खरवडतो. नळीवरचा व इतर भागांवरचा नंबर, शिक्का यांना हात लावू नये. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे ही खूण पुसणे किंवा बदलणे गुन्हा आहे. गंज नंबरावरच असेल तर फक्त तेलाच्या फडक्याने पुसावे.

गंज निघाल्यावर थांबा आणि नीट पाहा. खाली नुसता उघडा पांढरा पोलाद दिसला तर ठीक. पण नखाला लागणारे खड्डे दिसले, विशेषतः दस्त्याजवळच्या भागात किंवा निपलभोवती, तर तेथे रंग लावू नये. बाराचा सर्वांत जास्त दाब तेथेच येतो आणि तुमचा गालही तेथेच असतो. काळ्या रंगाखाली खड्डा दिसेनासा होतो, पण भरत नाही. अशी बंदूक परवानाधारक दुरुस्तीदाराने पाहीपर्यंत वापरू नये, मग रानडुकरांनी खाचर तुडवले तरी चालेल.

खड्डे नसतील तर डाग स्पिरिटने पुसून तेलकटपणा पूर्ण घालवावा व पुन्हा बोट लावू नये. शस्त्रविक्रेत्याकडे मिळणारे कोल्ड ब्लू कापसाच्या बोळ्याने सारखे लावावे, बाटलीवर दिलेल्या वेळेनंतर पाण्याने पुसावे, कोरडे करावे. रंग फिका वाटल्यास पुन्हा एक हात द्यावा. या द्रावणात बहुधा सेलेनियमचे विषारी आम्ल व तांब्याचे क्षार असतात. म्हणून रबरी हातमोजे घालून, उघड्या पडवीत, मुले व गुरे दूर ठेवून काम करावे. उरलेले बोळे गोठ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नयेत. हा थर पातळ असतो. तेलाशिवाय तो आपल्या एका पावसाळ्यातही टिकणार नाही.

कॉस्टिक सोडा उकळून काळे करण्याची कारखान्याची पद्धत घरी करू नये. दुनळीच्या दोन नळ्यांमधील डाख त्याने सुटतो. नळी चुलीत तापवून निळी करणे तर त्याहून वाईट. कोयता, विळा यांचे पाते काळे करायचे असेल तर हिरड्याचा काढा लावून पाहा, हिरड्यातील टॅनिनने लोखंड काळे पडते. हौस तेथे भागवावी.

तेल कोणते? शिलाई मशीनचे पातळ तेल चांगले. खोबरेल घरात असते म्हणून लावतात, पण ते खवट झाले की त्यात आम्ल वाढते आणि थंडीत गोठून घोडा जड करते. पावसाळ्यात दर आठ दिवसांनी बंदूक खोळीबाहेर काढून पुसावी व कुलूपबंद, कोरड्या जागी खोळीशिवाय ठेवावी.

निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश येतो, तेव्हा ती काही आठवडे तुमच्या हाताबाहेर असते. देण्यापूर्वी नळीला आतून-बाहेरून ग्रीसचा पातळ हात द्यावा व पावतीवरील नंबर बंदुकीवरच्या नंबराशी ताडून पाहावा. परत आल्यावर पहिला बार भरण्यापूर्वी गजाला फडके गुंडाळून नळीतील ग्रीस पूर्ण काढावे व निपलचे छिद्र मोकळे आहे का ते पाहावे.