चार आठवडे, परक्या रुग्णशय्येपाशी

(विद्यार्थी विनिमय कार्यक्रमांतर्गत परदेशी रुग्णालयांत जाणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या निरोप समारंभात एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



१८८३ सालच्या एप्रिल महिन्यात आनंदीबाई जोशी कोलकात्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. तुमचा संपूर्ण दौरा त्यांच्या प्रवासाच्या निम्म्या काळात आटोपणार आहे. अवघे चार आठवडे! एवढ्या अवधीत कोणी शल्यचिकित्सक होत नाही, हे प्रथम पालकांना सांगून ठेवतो. मग जायचे कशासाठी?

ज्या व्यवस्थेतून तुम्ही जात आहात, तिचा जन्म दुसऱ्या महायुद्धाने होरपळलेल्या युरोपात झाला. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना १९५१ साली कोपनहेगन येथे झाली. कालपर्यंत परस्परांवर बाँब टाकणाऱ्या देशांतील मुलांनी एकमेकांच्या रुग्णालयांत जाऊन शिकावे, ही त्यामागची भूमिका. व्यवहार साधा आहे. तुम्ही तिकडे जाता, तिकडचा कोणी इकडे येतो. यजमान राहण्याची सोय करतो, दिवसाचे एक जेवण देतो, मार्गदर्शक प्राध्यापक नेमून देतो. प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा. यात उपकार कोणाचेच नाहीत, ही देवाणघेवाण आहे. म्हणून तिकडे न्यूनगंड घेऊन जाऊ नका, आणि पोकळ अभिमानाचे गाठोडेही नेऊ नका. ते विमानतळावर वजनात धरत नाहीत, पण वॉर्डात फार जड होते.

निघण्यापूर्वी तुमच्याकडे कागदपत्रे मागितली जातील. कावीळ ‘ब’ची लस लागू पडल्याचा रक्ततपासणीचा अहवाल, क्षयाची चाचणी, काही ठिकाणी नाकातील जंतूंची तपासणीही. गेल्या वर्षी आपल्यातील एक जण मांटू चाचणी सकारात्मक आली म्हणून रडवेला होऊन माझ्याकडे आला होता. अरे, आपल्याला जन्मतःच बीसीजी टोचलेली असते आणि आपण क्षयरुग्णांच्या देशात वाढतो. हातावर गाठ उठली म्हणजे क्षय झाला, असे नव्हे. छातीची क्ष-किरण तपासणी करा, अहवाल जोडा आणि निश्चिंत राहा. मात्र नाकाच्या तपासणीचा राग मानू नका. आपण प्रतिजैविके ज्या सढळ हाताने वापरतो, त्याची ही पावती आहे. इंग्लंडच्या रुग्णालयांत २००७ पासून कोपराखाली हात उघडे ठेवण्याचा दंडक आला. लांब बाह्यांचा पांढरा कोट नको, घड्याळ नको, अंगठी-बांगडी नको. तुम्ही ऑगस्टमध्ये तिथे असाल. मनगटावरची राखी सोडावी लागली, तर ती पाकिटात जपून ठेवा. रुग्णाला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून राखी उतरवली, याचे कोणत्याही बहिणीला वाईट वाटणार नाही.

आता ज्यासाठी मी आज बोलायचे कबूल केले, त्या मुद्द्याकडे येतो. ही माझ्या चुकीची कथा आहे.

मी तेव्हा प्रपाठक होतो. आमच्या रुग्णालयात युरोपातून तीन विद्यार्थी आले होते. वॉर्डात भोर तालुक्यातील बाविशीची एक विवाहिता दाखल होती. लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक ज्वराने तिच्या हृदयाची मायट्रल झडप आकसली होती. त्या झडपेतून रक्त वाहताना जो खोल, घरघरता आवाज येतो, तो पाहुण्यांनी केवळ पुस्तकात वाचलेला. त्यांच्या देशांत हा आजार तरुणांत जवळजवळ दिसेनासा झाला आहे. मला उत्साह आला. तिला डाव्या कुशीवर वळवले, स्टेथोस्कोपची घंटी कोठे आणि किती हलकी टेकवायची ते दाखवले. तिघांनी ऐकले. मग आपली मुलेही पुढे सरसावली. एकामागून एक अकरा जणांनी ऐकले. मी झडपेचे शास्त्र विवेचन करून सांगत होतो आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून होती.

दहाव्या की अकराव्या विद्यार्थ्याच्या वेळी पाहुण्यांतील एक मुलगी चटकन पुढे झाली आणि तिने त्याचा हात बाजूला केला. रुग्णाच्या नाकपुड्या फुललेल्या तिला दिसल्या होत्या. ती मला म्हणाली, “सर, हिला आडवे पडवत नाहीये. कोणी विचारले का हिला?” आपल्या एका विद्यार्थिनीने खाली वाकून विचारले, “ताई, उठून बसायचंय का?” उत्तर आले, “मघापासनं बसायचंच होतं, पण साहेब बोलत होते ना.”

मित्रहो, या आजारात आडवे पडले की दम लागतो, हे मी त्या सकाळीच शिकवले होते. त्या बाईची भाषा माझी मातृभाषा. जिला मराठीचा एक शब्द येत नव्हता, तिला जे दिसले, ते मला दिसले नाही. तिला बसते केले, प्राणवायू लावला, अर्ध्या तासात ती सावरली. पुढे तिच्या झडपेवर उपचार झाले आणि ती चालत घरी गेली. तिच्या नवऱ्याने जाताना माझ्या पायांना हात लावला, तेव्हा मला कोठे तोंड लपवू असे झाले होते.

तुम्ही आता त्या पाहुण्या मुलीच्या जागी असणार आहात. भाषा येणार नाही. “दुखते का?”, “थांबू का?” आणि “मी विद्यार्थी आहे, आपली परवानगी आहे का?” ही तीन वाक्ये तेथील भाषेत पाठ करा. एवढी पुरतात. तिकडचा डॉक्टर रुग्णाला हात लावण्यापूर्वी स्वतःचे नाव सांगतो, पडदा ओढतो, काय करणार ते सांगतो. हे यंत्रावाचून, पैशावाचून होणारे काम आहे. परिचारिका डॉक्टरला अडवते आणि डॉक्टर ऐकतो, तेही पाहा. जे येथे करण्याची तुम्हाला मुभा नाही, ते तेथे कोणी करू दिले तरी करू नका. आणि रुग्णासोबतचे छायाचित्र तर मुळीच नको.

कोणी विचारलेच की तुमच्या देशाने काय दिले, तर सांगण्यासारखे पुष्कळ आहे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील शिबिरात पटकीने कहर केला, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा यांचे पाणी पिंपांतून वाटले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर केलेला अभ्यास ‘लॅन्सेट’ने छापला, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बालके वाचवण्याचा मार्ग दाखवला, तोही १९९९ साली तेथेच प्रसिद्ध झाला. यांपैकी एकही काम मोठ्या शहराच्या झगमगत्या इमारतीत झालेले नाही. हे सांगा, पण कोणी विचारल्यावर.

परत आल्यावर अहवाल लिहावा लागेलच. तो कार्यालयात द्या. माझ्याकडे मात्र पहिल्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता बाह्यरुग्ण विभागात या. तेथे दोन टेबलांमध्ये पडदा नाही. तो कसा लावायचा, कापड कोठून आणायचे आणि रांगेतल्या दीडशे जणांना त्याने खोळंबा कसा होणार नाही, ते आपण मिळून ठरवू. कापडाचे पैसे मी देतो.