वाणीचा ठेवा आणि त्याची किल्ली
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण, उल्हासनगर कॅम्प नं. ३)



खडू-फळ्यात जन्म गेलेल्या शिक्षकाने संगणकाचा विषय घ्यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु विषय आपल्या घरातीलच आहे: वडीलधाऱ्यांचा आवाज.

कॅम्पात राहणाऱ्यांस त्याचे मोल सांगावयास नको. दुसऱ्या महायुद्धातील या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. घरेदारे मागे राहिली. बोली तेवढी बरोबर आली. १९४७ ची हकिकत स्वमुखाने सांगणारे आता विरळ झाले. आपल्या ज्ञातीतही जात्यावरच्या ओव्या मुखोद्गत असलेल्या आजीबाई कमी होत आहेत. मोबाइलवर त्यांचा आवाज टिपणे सोपे. प्रश्न तो टिकविण्याचा आहे.

सेकंदास ४८,००० नमुने, प्रत्येकी १६ बिट, या हिशेबाने एका तासाच्या आवाजास सुमारे ३४५ मेगाबाइट जागा लागते. तोच तास सेकंदास १६,००० बिट इतका आवळून बांधला, तर सुमारे सव्वासात मेगाबाइटांत मावतो. हे कसे साधते? मूल पाढा म्हणू लागले की पुढचा आकडा आपण आधीच ताडतो. तद्वत बोलण्याच्या ध्वनीत मागील नमुन्यांवरून पुढचा नमुना ताडता येतो. अंदाज जेथे चुकेल तेवढा फरक कळविला म्हणजे भागते. ही पद्धती घडविण्यात कानपूरला १९३३ साली जन्मलेले डॉ. बिष्णू अटल यांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करीत असता १९८५ साली त्यांनी श्रोडर यांच्यासह आणखी एक युक्ती मांडली. दोन्ही टोकांस एकच कोश ठेवावा आणि फरकाऐवजी कोशातील अनुक्रमांक पाठवावा. गुरुजींनी ‘पृष्ठ बारा, ओळ चौथी’ म्हणावे आणि मुलांनी आपापल्या पुस्तकात पाहावे, तसेच हे.

पुढे अशा अनेक पद्धतींना पेटंटचे कुलूप लागले. तेव्हा जाँ-मार्क व्हालँ यांनी २००२ साली ‘स्पीक्स’ हे मुक्त सॉफ्टवेअर लिहावयास घेतले. त्यानंतर त्यांनी व इतरांनी मिळून ‘ओपस’ घडविले. इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या आय.ई.टी.एफ. या मंडळाने सप्टेंबर २०१२ मध्ये त्यास प्रमाण म्हणून प्रसिद्ध केले. त्याची मूळ संहिता कोणीही वाचावी, सुधारावी, वापरावी, शुल्क नाही. आपण व्हॉट्सॲपवर धाडतो तो आवाजी निरोप याच ओपसमध्ये बांधलेला असतो.

यात आपल्यासाठी बोध आहे. घराण्याचे कसब घराबाहेर जाऊ नये, अशी रीत आपल्याकडे होती. म्हातारा गेला की कसबही त्याच्याबरोबर जाई. आवाज बांधण्याची रीत एकाच मालकाच्या हाती असेल, तर मालक उठून गेल्यावर गाठोडे उरेल आणि गाठ सोडणारा मिळणार नाही. शेजारच्या अंबरनाथच्या शिवालयातील शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, शिलालेख आज वाचता येतो. कारण लिपीची किल्ली कोणा एकाच्या तिजोरीत नव्हती.

एक सावधगिरी मात्र हवी. आवळताना जे टाकले जाते ते परत मिळत नाही. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. लिहिताना दोन्ही सारखे, उच्चारात ज निराळा. असे बारकावे कागदावर उतरत नाहीत, ते ध्वनीतच राहतात. यास्तव मूळ प्रत ‘फ्लॅक’ या मुक्त पद्धतीत ठेवावी. तीत जागा वाचूनही आवाजातील काही गळत नाही. नातलगांस धाडावयाची प्रत ओपसमध्ये करावी.

मंडळास आमची विनंती एवढीच की, येत्या वर्षी प्रत्येक कुटुंबाने घरातील सर्वांत वडील व्यक्तीचा एक तास टिपावा. नाव, गाव व दिनांक लिहून, तिची संमती घेऊन, एक प्रत मंडळाकडे द्यावी. आपली जी मुले संगणकशास्त्र शिकत आहेत, त्यांनी त्या मुक्त संहितेचे नुसते उपभोक्ते राहू नये; मराठी आवाजावर ती पारखावी आणि उणे आढळेल ते कर्त्यांस कळवावे. ज्यांनी विद्या उघडी ठेवली, त्यांचे ऋण विद्येनेच फिटते.